कोपरा मी घासला, निमा

निमा, आज अठरा दिवस झाले आणि माझं डोकं अजून त्या गुरुवारीच अडकलंय. सकाळी सव्वानऊला तुझ्या नवऱ्याचा फोन आला. दिलीपभावोजी बोलले, "निमा गेली." आणि मी त्यांना विचारलं, "कोण निमा?" आता बघ. पेणजवळच्या जोहे गावात आपण शेजारी-शेजारी वाढलो, चाळीस वर्षांत माझ्या ओळखीत दुसरी निमा झालेली नाही, आणि मी विचारते कोण निमा. भावोजी बोलले, "आपली."

माझे दोन्ही हात कोपरापर्यंत रबरात होते. फोन पाटावर ठेवून स्पीकर लावलेला. एका गणपतीच्या सोंडेचा साचा घेत होते, आणि हार्डनर घातलेलं रबर कोणासाठी थांबत नाही, हे तुला माहीत आहे. भावोजींनी फोन ठेवला आणि मी उरलेलं रबर ओतून टाकलं. नेहमीसारखं, उंचावरून, बारीक धार धरून. ब्रशने कडा दाबल्या. मग हात पुसले आणि प्लास्टरच्या गोणीवर बसले. त्या साच्यात एकही बुडबुडा नाही. माझी मलाच शिसारी आली, की माणूस गेल्याचं कळल्यावर कोणाचे हात एवढे नीट चालतात.

आदल्या दिवशी, बुधवारी, तुझा आवाज ठणठणीत होता. रविवारी तू जोह्याला पोपटीला, मडक्यात वालाच्या शेंगा भाजायला, येणार होतीस. "शेंगा मी आणते, तुमच्या पेणच्या वालाला चव नाय," असं वर तोंड करून बोललीस. गुरुवारी कॉलेजला निघायचं म्हणून डबा भरत होतीस, डोकं दुखतंय बोललीस, ओट्याला टेकलीस आणि खाली बसलीस. मेंदूतली शीर फुटली म्हणे. चव्वेचाळिसाव्या वर्षी. ब्लडप्रेशरच्या गोळ्या मी खाते, जिने चढताना मी धापा टाकते, आणि शीर तुझी फुटते. हा कुठला न्याय गो?

तुझ्या लॅबच्या शर्वरी मॅडम म्हणाल्या, कॉलेजच्या अंकासाठी निमाताईंचा अल्पपरिचय लिहून द्या. अल्पपरिचय मला जमणार नाही, तो ऑफिसातला कोणीही लिहील. मला तुझ्याशी बोलायचंय. रविवारी पोपटी पेटली की मी तुला एक गोष्ट सांगणार होते. ती तशीच राहिली. आता ती इथे सांगते, ज्याला वाचायची त्याने वाचावी. त्या लेन्सच्या पट्टीचा कोपरा मी घासला होता, निमा. तुझं काहीही चुकलं नव्हतं.

आता बाकीच्यांना कळायला हवं, म्हणून पहिल्यापासून सांगते. तू कंटाळशील, कारण तुला सगळं पाठ आहे.

तू रोह्याच्या कॉलेजात लॅब असिस्टंट. वीस वर्षं मुलांसाठी स्लायडी बनवल्यास, मायक्रोस्कोपच्या काचा पुसल्यास. तुझ्या सासरी, रोह्याजवळच्या वरसे गावात, घरामागे भातखाचरं आहेत. त्यातलं पाणी बाटलीत भरून न्यायचीस आणि त्यातल्या पाणपिसवा बघत बसायचीस. टाचणीच्या डोक्याएवढा जीव, आरपार दिसतो. मलाही एकदा दाखवलास. त्याचं काळीज धडधडत होतं आणि मी घाबरून डोळा काढला होता. तू हसलीस आणि मग एकदम गंभीर झालीस. बोललीस, "पण हे बघायला मला त्याला काचेखाली दाबायला लागतं गो. दाबला नाय तर तो पोहतो, वर-खाली होतो, आणि फोकस जातो. मी चाक फिरवून पाय पकडीपर्यंत पोट गेलेलं असतं. मला पोहताना बघायचाय. दाबून नाय."

मग एक दिवस तू जोह्याला आलीस ती हातवारे करतच मिनीडोअर रिक्षातून उतरलीस. लाइट फील्ड मायक्रोस्कोपी करायची म्हणे. मी बोलले, "लाइटचं फील्ड म्हणजे शेत ना? त्यात लावणी करतात का गो?" तू माझ्या पाठीत धपाटा घातलास आणि माझ्या गणपतीच्या कारखान्यातल्या बायकांकडे बोट दाखवलंस. मधे एक मोठी मूर्ती होती आणि चहूबाजूंनी सात-आठ जणी स्टुलांवर बसून काम करत होत्या. तू बोललीस, "ती लता बघ. तिला गणपतीचा एकच गाल दिसतो. सुमनला दुसरा. वरच्या फळीवरच्या सखूला नुसता मुकुट. एकीला विचारलं तर मूर्ती केवढी जाड हाय ते कळणार नाय. सगळ्यांना एकदम विचारलं तर कळेल का नाय?" मी बोलले, कळेल. तर तुझं यंत्र म्हणजे तेवढंच होतं. कॅमेऱ्याच्या आत एक पट्टी बसवायची, त्या पट्टीवर हजारो बारक्या लेन्स, खसखशीच्या एका दाण्याच्या जागेत कितीतरी मावतील अशा. प्रत्येक लेन्स तोच जीव जरा वेगळ्या बाजूने बघणार आणि फोटोत आपलं एक बारीक वर्तुळ उमटवणार. फोटो एकच काढायचा, डोळ्याची पापणी लवायच्या आत. मग मॅडमनी लिहिलेल्या प्रोग्रामने कॉम्प्युटर त्या सगळ्यांची साक्ष काढून सांगणार, की पाय इथे होता, पोट त्याच्या मागे, अंडी त्याच्याही मागे. फोकस फोटो काढल्यावर ठरवायचा.

यावरून आपली जी जुंपली ती शेवटपर्यंत. मी बोलले, हा शुद्ध आळस आहे. कुठे बघायचं ते आधी ठरवावं, मग बघावं. मी मूर्तीला बसले आणि म्हटलं, सगळीकडे जरा-जरा हात मारते, डोळे कुठे ते मागाहून बघू, तर गिऱ्हाईक मला उभं करील का? तू शांतपणे बोललीस, "तुझा गणपती हलतो का गो?" आणि वर, एवढं करून असले फोटो निघतात ते धुरकट, तू मोबाइलवर दाखवलेस तसे, तेही मी बोलून दाखवलं. तू मान्य केलंस. खोली पाहिजे तर थोडी धार सोडायला लागते, दोन्ही एकदम मिळत नाही, असं तुझं उत्तर. मला ते पटलं नव्हतं. आम्ही फिनिशिंगवाल्या बाया, आम्हाला धार सोडवत नाही. हा वाद आपला राहिलाच. अजूनही मला वाटतं, तू येशील आणि पुढचा मुद्दा काढशील.

पट्टी एवढी महाग, की विकत आणायचं नाव नको होतं. तू मुंबईच्या एका संस्थेतून पंधरा दिवसांसाठी काचेची एक मूळ पट्टी मागून आणलीस, रुमालात गुंडाळून, आणि माझ्या पाटावर ठेवलीस. "हिचा साचा काढ, कुंदे." मी उडालेच. मी सोंडा काढते, हात काढते, उंदीर काढते. हे डोळ्याला दिसत पण नाही. तू बोललीस, "रबराला मोठा काय न् बारीक काय. तू बुडबुडा सोडत नाहीस, मला तेवढंच पाहिजे." साच्याचं काम बायकांचं नाही, असं आमच्याकडे पंधरा वर्षांपूर्वी सगळे म्हणत होते. तेव्हाही तूच माझ्यामागे लागली होतीस. रोह्याहून दर रविवारी येऊन माझ्याबरोबर रबर घोटलंस, कपडे खराब करून घेतलेस. आज माझ्या कारखान्याच्या दारावर माझं नाव आहे ते तुझ्या त्या हट्टामुळे. हे मी तुला कधी बोलले नाही. बोलायचं असतं का असं, आपल्यात?

मे महिन्यात तुला सुट्टी होती. मूळ पट्टीवरून रबर घेतलं, ते अप्रतिम उतरलं. मग त्या रबरात पारदर्शक रेझिन ओतायला सुरुवात केली. पहिल्या आठ पट्ट्या गेल्या. कुठे बुडबुडा, कुठे पिवळट, एक तर चिकटूनच बसली. नववी निघाली ती पाण्यासारखी स्वच्छ. ती काढताना रबर फाटलं, आणि मूळ काच तू आदल्याच दिवशी परत पाठवली होतीस. म्हणजे जगात आपल्याकडे ती एकच. मी तुला फोन केला, "ये, झाली." तू चारला येणार होतीस.

साडेतीनला एका गिऱ्हाइकाचा फोन आला. सोंड डावीकडे पाहिजे होती, तुम्ही उजवी दिली, म्हणून भांडायला लागला. मी फोन मानेत धरला आणि भांडत सुटले. आणि आमच्याकडे काय सवय असते तुला ठाऊक आहे. बोलताना हात मोकळे नसतात. समोरची वस्तू उचलायची, अंगठा फिरवायचा, जिथे खरखर लागेल तिथे घासायचा झिरो पेपर मारायचा. लहानपणापासून ते करतोय, डोळ्याने बघायला पण लागत नाही. माझ्या अंगठ्याला खरखर लागली. चार-पाच हात मारले असतील. बोटाला पांढरी भुकटी लागली तेव्हा मी खाली बघितलं. ती खरखर म्हणजेच लेन्स होत्या, निमा. आमच्या धंद्यात ज्याला दोष म्हणतात तेच तुझं सगळं काम होतं, आणि मी ते गुळगुळीत करत बसले होते.

नखाएवढा कोपरा गेला होता. ओल्या फडक्याने पुसला, उजेडात धरला, तर फरक कळेना. मी मनाशी बोलले, एवढ्या हजारो लेन्स, त्यातल्या मूठभर गेल्या तर काय बिघडतंय. तेवढ्यात तू आलीस. पट्टी खिडकीशी धरलीस आणि माझ्या गळ्यात पडलीस. तुझ्या केसांना प्लास्टर लागलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी बोलले, चल, चहा घे.

जूनमध्ये तू ती पट्टी चौकटीत चिकटवलीस, चौकट चार स्क्रूंवर कॅमेऱ्यात बसवलीस, पहिला फोटो काढलास. आणि संध्याकाळी फोन केलास. "एका कोपऱ्यात वर्तुळं फाकलीयेत गो, आणि त्यापायी सगळा फोटो हलल्यासारखा येतोय. पट्टीला काय लागलं नाय ना?"

मी बोलले, "नाय गो. काय लागायचंय?"

एवढंच. एकदाच विचारलंस. परत कधी नाही. कॉलेजात मायक्रोस्कोपांची रांग लागलेली, तू त्यातल्या एकाखाली तो कोपरा नुसता धरला असतास तर माझ्या पेपरचे ओरखडे तुला पाच मिनिटांत दिसले असते. तू धरला नाहीस. तुझ्या लेखी, कुंदा नाही म्हणाली म्हणजे नाही. मग तू चूक स्वतःच्या हातात शोधायला लागलीस. पट्टी तिरकी बसलीय, असं तुझ्या मनाने घेतलं. स्क्रू पिळलास, फोटो काढलास, सैल केलास, परत काढलास. जुलै गेला, ऑगस्ट गेला. आमची गणपतीची गडबड, मला श्वास घ्यायला वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे तुझा फोन आला की मी कामाचं सोंग करायचे.

सप्टेंबरमध्ये मुंबईला प्रदर्शन होतं. शर्वरी मॅडमनी तुझं नाव दिलं होतं. लॅब असिस्टंटचं नाव असं कुठे लागतं गो? तू साडी पण ठरवली होतीस. आणि मग तूच चिठ्ठी लिहून नाव काढून घेतलंस. मला फोनवर बोललीस, "माझा हातच बसत नाय कुंदे. मॅडमच्या प्रोग्राममध्ये खोट नाय, तुझ्या पट्टीत खोट नाय. मग राहिलं कोण?" आणि मी तुला धीर दिला. मी. "होतं गो, शिकशील हळूहळू," असं मी बोलले. तो माझा आवाज आता माझ्या कानात बसलाय, जात नाही.

ऑक्टोबरात पेणला रामवाडीच्या स्टॉपवर आपण तुझ्या एसटीची वाट बघत उभ्या होतो. तू एकदम दोन्ही पंजे माझ्यापुढे धरलेस. बोललीस, "बघ गो. थरथरतायत का? सासूबाई बोलतात, माझ्या हातून भांडी पडायला लागलीयेत." मी तुझे हात धरले. गार होते. अजिबात थरथरत नव्हते, निमा, मी शपथेवर सांगते. लहानपणी सुट्टीत आपण दोघी मूर्ती घासायला बसायचो तेव्हा अख्ख्या जोह्यात तुझ्याएवढा हलका हात कोणाचा नव्हता. मी तुझे हात धरून बोलले, "जरा आराम कर." एसटी आली, तू चढलीस, खिडकीतून हात केलास.

मी वाईट बाई आहे असं मला वाटत नाही. कोणी माझा साचा उचलून नेला तर मी त्याच्या दारात जाऊन भांडेन, खरं बोलायला मी कधी घाबरले नाही. पण एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी सांगणं अवघड होतं, आणि महिना गेला की आपण सांगतोय ते काय, चूक की महिन्याभराचं खोटं, हेच कळेनासं होतं. त्या बुधवारी तू शेंगांचं बोलून झाल्यावर सहज बोललीस, "सोमवारी मॅडमना यंत्राच्या कपाटाची चावी देऊन टाकते. दुसऱ्या कोणाला तरी बसवू दे. माझ्याच्यानं होणार नाय." तेव्हा मी ठरवलं, आता बस झालं, रविवारी सांगायचं. फोनवर पण सांगता आलं असतं. तू फोनवरच होतीस. मी विचार केला, असलं तोंडावर सांगावं, जवळ बसवून, पोपटी खाताना. चार दिवसांचा तर प्रश्न होता.

परवा शनिवारी कॉलेजात तुझी शोकसभा झाली. टेबलावर तुझा फोटो, हार, आणि शेजारी ते यंत्र. सगळे चांगलं बोलले. मग शर्वरी मॅडम बोलल्या, आणि त्यांचं काहीच चुकलं नाही, पण त्या म्हणाल्या, "निमाताईंनी जिवापाड प्रयत्न केले, पण..." त्या 'पण'ला मी जागच्या जागी पेटले. पुढचं काही ऐकू आलं नाही. सभा संपल्यावर मॅडम यंत्र लॅबमध्ये ठेवायला गेल्या, तिथे मी त्यांना गाठलं आणि उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. झिरो पेपर, फोन, सोंड, सगळं. पोर वयाने लहान, माझ्या मुलीएवढी. तिने चौकट काढली, मायक्रोस्कोपखाली ठेवली, डोळा लावला. मग बाजूला झाली आणि मला म्हणाली, "बघा." ओरखडे होते. सगळे एकाच दिशेने, माझ्या हाताच्या दिशेने.

मग तिने कॉम्प्युटर लावला. मला समजावलं ते असं, की कॉम्प्युटर त्या कोपऱ्यातली फाटकी वर्तुळंही खरी धरत होता आणि त्यांच्या नादाने बाकी सगळ्यांचा मेळ चुकवत होता. कोपरा सोडून द्यायला सांगितलं की बाकीच्या लेन्स शहाण्यासारख्या वागतील. फोटोंची नोंद केलेली तुझी वही तिच्याकडे होती. तिने फोटो उघडला तो जूनमधला, तुझा पहिला, एकही स्क्रू फिरवायच्या आधीचा. कोपरा खोडला. थोडा वेळ गेला. आणि निमा, ती पाणपिसू उभी राहिली. मॅडम बटण सरकवत गेली तसे आधी तिचे ते फांद्यांसारखे हात आले, मग विरले, मग हिरवं आतडं आलं, मग पाठीतली पिशवी आणि त्यात अंडी, मी मोजली, पाच. धुरकट होती. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मॅडम हळू बोलली, "म्हणजे त्यांनी पट्टी पहिल्या दिवशीच बरोबर बसवली होती." नंतरचे सगळे महिने तू बरोबर बसलेली गोष्ट बिघडवत होतीस, माझ्या शब्दावर.

मी तिथून तशीच रिक्षाने वरशाला गेले. भावोजी कंपनीत, दुपारच्या शिफ्टला. घरात तुझी सासू एकटी, बाहेरच्या ओट्यावर वाल निवडत बसलेली. तेच वाल तू रविवारी आणणार होतीस की काय, कोण जाणे, मी विचारलं नाही. मी पाया पडले, शेजारी बसले आणि सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा सांगून झालं तेव्हा त्यांनी कानामागे हात धरला. "काय बोलतेस गो? मोठ्यानं बोल. मला ऐकू येत नाय."

मी परत सांगितलं, जरा मोठ्याने. त्यांनी हात कानामागेच ठेवला. समोरच्या नव्या बिल्डिंगमधली एक बाई कपडे वाळत घालत होती, ती थांबली. मला वाटलं, राहू दे, भावोजी आल्यावर सांगू. आणि मग माझं मलाच कळलं, की मी परत तेच करतेय. मी उठून उभी राहिले आणि ओरडून सांगितलं, निमाचे हात चांगले होते. निमाचं काही चुकलं नाही. पट्टी मी खराब केली. मी. आणि तिला खोटं बोलले. सात महिने. आळीतल्या दोन-तीन खिडक्या उघडल्या. मला त्याची लाज वाटली नाही, हे मात्र खरं.

सासूबाईंना आता ऐकू गेलं होतं. त्यांनी मांडीवरचं सूप खाली ठेवलं. बोलल्या, "मी तिला बोलायची, तुझ्या हातात जीव नाय. भांडं पडलं की बोलायची." मग पदराने डोळे पुसले. माझ्यावर ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला एवढंच विचारलं, "मंग तिला का नाय बोललीस गो? तुझी तर ती बहिणीसारखी."

मी उत्तर दिलं. पण तेवढं मोठ्याने मला बोलवलं नाही. त्यांना ऐकू गेलं नसणार, आणि त्यांनी परत विचारलं नाही. त्या उठून माझ्यासाठी पाणी आणायला आत गेल्या.

ते उत्तर तुझं आहे, म्हणून तुला देते. तू मला जोह्यातली सगळ्यात चांगली कारागीर समजत होतीस, आणि मला तशीच राहायचं होतं. बाकी काही कारण नव्हतं, निमा.